माहितीची वाट : भोर-वेल्हे परिसर आणि महाराष्ट्रातील कर्करुग्ण-आधाराचा इतिहास (१९४१ पासून)

सारांश

महाराष्ट्रातील कर्करोगविषयक इतिहास प्रामुख्याने रुग्णालयांचा, उपचारपद्धतींचा व संशोधनाचा इतिहास म्हणून मांडला गेला आहे. रोगाचे निदान झाल्यानंतर रुग्णास व त्याच्या कुटुंबास माहिती आणि आधार कोठून मिळाला, या बाजूकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांच्या अनुषंगाने या प्रश्नाचा ऐतिहासिक वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे. हा परिसर पुणे व मुंबई या शहरांच्या जवळ असूनही नोंद, प्रबोधन आणि आधार या तिन्ही बाबतींत दीर्घकाळ मधल्या पोकळीत राहिला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कर्करोग, भोर, वेल्हे, रुग्ण-आधार, कर्करोग नोंदणी, आरोग्य प्रबोधन, उपशामक सेवा

१. प्रस्तावना

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्हे तालुक्याची सुमारे ५४ हजार होती. राजगड व तोरणा हे किल्ले वेल्हे तालुक्यात येतात. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास मान्यता दिली. प्रस्तुत निबंधातील बराचसा काळ त्यापूर्वीचा असल्याने येथे ‘वेल्हे’ हेच नाव वापरले आहे.

या परिसरातील बोलण्यात एक वाक्य वारंवार कानी येते : “त्यांना टाटाला नेलंय.” एवढे म्हटले की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. रोगाचे नाव उच्चारावे लागत नाही, रुग्णालयाच्या नावातच ते सामावलेले असते. एका संस्थेचे नाव एका रोगाचा पर्याय व्हावे, ही भाषिक घटना इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशी आहे. रोगाविषयीची माहिती गावापर्यंत कोणत्या वाटेने आली, याची खूण तीत सापडते.

किती जणांना कर्करोग झाला हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न आहे. तो झाल्यावर रुग्णाला कोणी, काय, केव्हा आणि कोणत्या भाषेत सांगितले, हा मात्र सामाजिक इतिहासाचा प्रश्न ठरतो. त्या दृष्टीने प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) महाराष्ट्रातील कर्करुग्ण-आधाराच्या संस्थात्मक वाटचालीचा आढावा घेणे, (ब) या वाटचालीत भोर-वेल्हे परिसराचे स्थान निश्चित करणे, (क) रोगाची माहिती रुग्णापासून लपविण्याच्या प्रथेचा विचार करणे. विवेचनासाठी संस्थांचा ज्ञात इतिहास, प्रकाशित संशोधनाचे निष्कर्ष व परिसरातील निरीक्षण यांचा आधार घेतला आहे.

२. संस्थानी काळाची पार्श्वभूमी

आजच्या भोर व वेल्हे तालुक्यांचा मोठा भाग पूर्वी भोर संस्थानात होता. पंतसचिव घराण्याचे हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. डोंगरी मुलूख, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा व विखुरलेल्या वाड्यावस्त्या ही या प्रदेशाची वैशिष्ट्ये होत. पुढे भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा देवघर या धरणांमुळे पाण्याचा साठा वाढला. तथापि अनेक गावे उठली आणि कित्येक वस्त्यांची नेहमीची वाट लांबली. लोहमार्ग या दोन्ही तालुक्यांत आजही नाही.

आजारपणात वैद्य, वैदू, देवऋषी आणि घरगुती औषध हाच पहिला आधार असे. मोठ्या दवाखान्यासाठी पुण्याचे ससून रुग्णालय होते. त्याची स्थापना १८६७ ची. गाठीच्या रोगाचे वर्णन सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ या नावाने आढळते. ‘कर्करोग’ हा शब्द मात्र पाश्चात्त्य वैद्यकातील ‘खेकडा’ या अर्थाच्या मूळ संज्ञेवरून मराठीत रूढ झाला. लोकभाषेत यांपैकी एकही शब्द फारसा रुजला नाही. तिथे ‘गाठ’, ‘चट्टा’, ‘न भरणारी जखम’, ‘अंगावरून जाणं’ अशी लक्षणांचीच नावे राहिली. लक्षणाला नाव असणे आणि रोगाला नाव नसणे याचा परिणाम गंभीर होतो. लक्षण अंगावर काढता येते, रोग अंगावर काढता येत नाही. पण तो रोग आहे हे आधी कोणी तरी सांगावे लागते.

३. मुंबईची वाट : रुग्णालय, धर्मशाळा आणि स्वयंसेवक

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. भोर संस्थान विलीन होण्यास तेव्हा सात वर्षे अवकाश होता. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले.

भोर-वेल्हे-मुळशी या मावळपट्ट्यातील माणसे पोटापाण्यासाठी दीर्घकाळ मुंबईस जात आली आहेत. त्यामुळे या परिसरातील रुग्णास मुंबई अंतराने दूर असली तरी नात्याने जवळ होती. कोणाचा तरी भाऊ, मेहुणा किंवा गाववाला मुंबईत असेच. केसपेपर कोठे काढायचा, रात्री कोठे टेकायचे, कोणत्या खिडकीवर उभे राहायचे ही माहिती या नात्यांतून मिळे. ‘टाटाला नेणे’ हा वाक्प्रचार याच वाटेने गावात पोहोचला असावा, असे अनुमान करता येते.

ज्यांचे मुंबईत कोणी नव्हते त्यांच्यासाठी सार्वजनिक आधाराची व्यवस्था हळूहळू उभी राहिली. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळा हे बाहेरगावच्या कर्करुग्णांचे व नातेवाइकांचे हक्काचे ठिकाण ठरले. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीने परळ येथे रुग्णांच्या निवासाची सोय केली. धर्मशाळेचा विचार केवळ निवाऱ्यापुरता करता येणार नाही. एकाच आजाराची माणसे तेथे एकत्र राहतात, एकमेकांचे कागद पाहतात, किरणोपचारानंतर तोंड आले तर काय खावे हे एकमेकांस सांगतात. रुग्णाने रुग्णास माहिती देण्याची परंपरा औपचारिक संस्था निघण्यापूर्वी अशा ओसरीवरच सुरू झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

औपचारिक प्रयत्नांत १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला व नवल टाटा यांनी स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीचा उल्लेख प्रथम करावा लागेल. १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था सुरू झाली. १९९४ मध्ये वंदना गुप्ता यांनी ‘व्ही केअर’ची स्थापना केली. त्या स्वतः या आजारातून गेलेल्या होत्या, आणि आजारातून बाहेर पडलेल्यांनी नव्या रुग्णांना भेटून धीर द्यावा हे या कार्याचे सूत्र होते. अमेरिकेत टेरेसी लासर यांनी १९५२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांसाठी असाच उपक्रम सुरू केला होता. त्या दृष्टीने मुंबईतील हा प्रयत्न जागतिक प्रवाहाशी जोडलेला दिसतो.

याच संदर्भात वैद्यकीय समाजसेवकाचे पद महत्त्वाचे ठरते. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे प्रशिक्षण देणारी टाटा संस्था सुरू झाली आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मध्ये बसून समजावून सांगणारी व्यक्ती ही रुग्णालयाची गरज आहे, ही मान्यता या नेमणुकीमुळे मिळाली.

४. नोंदीतील पोकळी : मुंबई, पुणे आणि बार्शी

आधार कोठे द्यावयाचा हे ठरविण्यासाठी रोग कोठे आहे हे कळावे लागते. त्या दृष्टीने १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केलेली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी ही देशातील पहिली होय. १९७३ मध्ये पुण्यातही अशी नोंदणी सुरू झाली. मात्र तिचे क्षेत्र पुणे शहर व त्यालगतचा नागरी भाग एवढेच होते. लोकसंख्याधारित नोंदणीत त्या क्षेत्रातील रहिवाशांचीच गणना होते. परिणामी भोर किंवा वेल्ह्याहून येऊन पुण्यात उपचार घेणारा रुग्ण रुग्णालयाच्या कागदावर असतो, पण पुण्याच्या आकडेवारीत नसतो. त्याच्या तालुक्यासाठी वेगळी नोंदणी नसल्याने तो अन्यत्रही मोजला जात नाही.

पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाकडे संशोधकांचे लक्ष गेलेच नव्हते असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील कर्करोगपूर्व बदल यांचा संबंध तपासणाऱ्या जगातील मोठ्या पाहण्यांत तिची गणना होते. भोर-वेल्ह्यातील आजची साठी-सत्तरीची पिढी पाहिली तर या विषयाचे महत्त्व ध्यानी येते. तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावणे ही या भागातील स्त्रियांची जुनी सवय आहे. तिला कोणी व्यसन म्हणत नसे, ती दात घासण्याची रीत मानली जाई. पाहणीचे ज्ञान आंतरराष्ट्रीय पातळीवर पोहोचले; पण मिश्री लावणाऱ्या बाईपर्यंत ते त्याच वेगाने परतले नाही.

याच्या उलट उदाहरण बार्शीचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या क्षेत्रात होती. ग्रामीण रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचेलच याची खात्री नसल्याने कार्यकर्तेच गावोगावी जात. ते नोंद घेत आणि त्याचबरोबर लक्षणांची माहितीही देत. या प्रबोधनानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले, हे तेथील संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. यासाठी महागडे यंत्र आणावे लागले नव्हते. गावात जाऊन, गावाच्या भाषेत सांगणे एवढाच तो उपाय होता.

पुढे १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विषाणू-चाचणीची संधी दिलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४, तर तपासणी न दिलेल्या तुलनागटात ६४ मृत्यू झाले. तुलनागटातील स्त्रियांना तपासणीपासून दूर ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे नैतिक अंगाने चर्चा झाली. ती चर्चाही माहितीच्या अधिकाराशीच निगडित आहे.

मुंबई, पुणे व बार्शी ही तीन ठिकाणे नकाशावर मांडली असता भोर-वेल्ह्याचे स्थान स्पष्ट होते. हा प्रदेश नागरी नोंदणीच्या कक्षेबाहेर राहिला आणि ग्रामीण प्रयोगाचे क्षेत्रही ठरला नाही. दुर्गमता हे त्याचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे, कारण परांडा व भूम हे तालुकेही महानगरांपासून दूरच होते. शहराच्या जवळ असणे हेच कदाचित दुर्लक्षाचे कारण ठरले. ‘पुणे जवळच आहे’ असे म्हटले की वेगळी व्यवस्था करण्याची निकड भासत नाही.

५. पुण्यातील आधार

नव्वदच्या दशकात पुण्यातच काही महत्त्वाच्या संस्था उभ्या राहिल्या. १९९७ मध्ये वारजे येथे सिप्ला उपशामक सेवा केंद्र सुरू झाले. उपशामक सेवा म्हणजे रोग बरा होवो अथवा न होवो, रुग्णाच्या वेदना कमी करणे व कुटुंबास सावरणे. इंग्लंडमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स या संस्थेपासून हा विचार आधुनिक स्वरूपात रूढ झाला. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र होय. वारजे येथील केंद्रात ही सेवा विनामूल्य दिली जाते. १९९८ मध्ये डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांनी पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशनची स्थापना केली व स्तनाच्या कर्करोगावर विशेष लक्ष केंद्रित केले.

वारजे हे मुंबई-बंगळूर महामार्गावर आहे. नसरापूरजवळ चेलाडी फाट्यावर वेल्ह्याची वाट ज्या रस्त्यास मिळते तोच हा महामार्ग. एस.टी.ने स्वारगेटला जाणाऱ्या रुग्णास हे ठिकाण अवघड नाही. तरीही ‘आता घरी घेऊन जा’ असे शहरात सांगितले गेल्यावर रुग्णास थेट गावी आणले जाते आणि अखेरचे महिने वेदनेत जातात, असे अनेकदा पाहावयास मिळते. वाटेवरच आधार आहे, हे सांगणारे कोणी भेटत नाही. भोरचे उपजिल्हा रुग्णालय व वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय येथे हे सांगण्याची व्यवस्था झाली तर अंतर खऱ्या अर्थाने कमी होईल.

६. सांगणे आणि लपविणे

माहिती गावात पोहोचली तरी ती रुग्णापर्यंत पोहोचतेच असे नाही. आपल्या कुटुंबव्यवस्थेत निदान प्रथम मुलास, भावास किंवा पतीस सांगितले जाते. ‘तिला सांगू नका, खचेल’ ही भूमिका मायेपोटी घेतली जाते यात संशय नाही. परंतु तिचे परिणाम तपासले पाहिजेत.

प्रस्तुत लेखकाची आत्या वेल्हे तालुक्यातील एका वाडीत राहत असे. छातीतील गाठ तिने पहिले वर्षभर कोणास दाखविली नाही. शहरातील एका रुग्णालयात निदान झाले तेव्हा घरातील पुरुषांस ते कळले. तिला ‘साधी गाठ आहे, काढली की झालं’ असे सांगण्यात आले. कागद इंग्रजीत होते आणि ते तिच्याच पिशवीत होते. किरणोपचाराच्या रांगेत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने “तुम्हाला कुठला कॅन्सर?” असे विचारले तेव्हा तिला आपला आजार समजला. ती खचली नाही. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “मला आधी सांगितलं असतं तर त्या बाईला मीच चार गोष्टी विचारल्या असत्या.” सांगू नये असे ठरविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे येथे नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

२००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ या मराठी चित्रपटाने हाच प्रश्न लोकांसमोर आणला. डोळ्याच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नातवास घेऊन कोकणातील आजोबा शहरात येतात. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार हे त्या मुलास कोणी सांगावयाचे, हा कथेचा गाभा आहे. वैद्यकीय समाजसेविकेचे पात्र त्यात महत्त्वाचे आहे. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कायद्याच्या बाजूने पाहता, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. सज्ञान रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असताना आईने दिलेली संमती पुरेशी नाही, असे त्यात स्पष्ट झाले. संमतीपूर्वी पुरेशी माहिती रुग्णास मिळाली पाहिजे हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

७. योजना आणि कागद

राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्ती गावात आली. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत व नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना लागू झाली. २०१७ मध्ये तिचे नामकरण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. कर्करोगावरील अनेक उपचार तीत समाविष्ट आहेत आणि २०२३ मध्ये तिची व्याप्ती सर्व कुटुंबांपर्यंत वाढविण्याचा निर्णय शासनाने घेतला. धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवण्याची योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून आहे. एस.टी.च्या भाड्यातही कर्करुग्णांसाठी सवलत आहे.

या सर्व तरतुदींचा लाभ माहितीवर अवलंबून असतो. शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत फरक असेल तर काय करावे, योजनेतील रुग्णालय कोणते, आरोग्यमित्र कोठे बसतो, धर्मादाय खाटेसाठी कोणता दाखला लागतो, हे ठाऊक नसल्यास हक्क कागदावरच राहतो. उपचाराआधी जमीन किंवा जनावर विकले जाते आणि योजनेची माहिती नंतर मिळते, हा क्रम बदलणे ही आजची गरज आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) महाराष्ट्रात कर्करुग्णांना मिळालेला आधार दीर्घकाळ मुंबईकेंद्रित होता आणि भोर-वेल्हे परिसर नातेसंबंधांच्या द्वारे त्याच्याशी जोडला गेला. ज्यास नाते नव्हते त्यास वाट सापडणे कठीण होते.

२) पुण्याची नोंदणी नागरी आणि बार्शीची ग्रामीण असल्याने हा परिसर दोहोंच्या बाहेर राहिला. शहराची जवळीक ही सेवेची हमी नसते.

३) बार्शीच्या अनुभवावरून गावाच्या भाषेतील प्रबोधनाने निदानाची वेळ अलीकडे आणता येते, हे सिद्ध झाले आहे.

४) रुग्णापासून रोग लपविण्याची प्रथा त्यास इतर रुग्णांच्या अनुभवापासूनही वंचित ठेवते.

या संदर्भात ग्रामीण महाविद्यालयांस करण्याजोगे काम मोठे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मिश्री, तोंडातील चट्टा, छातीतील गाठ व अंगावरून जाणे या विषयांवर स्थानिक बोलीत माहिती देता येईल. वारजे, ससून, परळ व दादर येथील सोयींची एकपानी मराठी यादी आशा कार्यकर्ती व ग्रामपंचायतीकडे ठेवता येईल. इतिहास विभागांनी आजारातून गेलेल्या माणसांच्या आठवणी, त्यांच्या संमतीने, नोंदवून ठेवाव्यात. ज्या प्रदेशाची आकडेवारी झाली नाही त्याचा इतिहास निदान साक्षींतून तरी जपला पाहिजे. ‘टाटाला नेलंय’ या वाक्यानंतर जी शांतता पसरते, तिच्या जागी ‘मग तिथं अमुक ठिकाणी जा, मी सांगतो’ असे वाक्य येऊ लागले तर या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.